बंधाऱ्यावरून गाडी नेण्याआधी

पंचगंगेला पहिले मोठे पाणी आले की कोल्हापूर परिसरात दरवर्षी एकच प्रश्न विचारला जातो. नदी अजून इशारा पातळीच्या जवळपासही नाही, मग बंधारा बंद का? कालपर्यंत ज्या वाटेने दूध, भाजी, शाळेची मुले आणि कामगार जात होते, ती वाट एका रात्रीत पाण्याखाली जाते. काठावर थांबलेल्या दहा जणांपैकी एखादा म्हणतो, "घोट्याएवढंच पाणी आहे, निघंल गाडी." या प्रश्नाचे नेमके उत्तर माहीत असले, तर काठावरचा निर्णय सोपा होतो.

बंधारा म्हणजे पूल नव्हे

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा मुळात पाणी अडवण्यासाठी असतो. नदीपात्रात ओळीने खांब उभे करतात आणि खांबांच्या खाचांमध्ये बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवतात. पावसाळा सरला की बरगे घालून पाणी साठवतात, जूनच्या तोंडावर ते काढून नदीला मोकळी वाट देतात. बरगे घालण्या-काढण्यासाठी खांबांच्या माथ्यावर जी अरुंद फरशी लागते, तीच गावांनी रस्ता म्हणून वापरायला घेतली. कसबा बावड्याहून वडणगे-निगव्याकडे जाणारा राजाराम बंधारा हे शहराला सर्वांत ओळखीचे उदाहरण. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, वारणा या नद्यांवरही असे बंधारे आहेत आणि शेकडो गावांचा रोजचा व्यवहार त्यांच्यावरून चालतो.

फरशीची उंची साठवणुकीच्या हिशेबाने ठरलेली असते, पुराच्या हिशेबाने नाही. पुरात बुडणे हे बंधाऱ्याच्या रचनेतच आहे. अनेक बंधाऱ्यांना कठडे नसतात किंवा नुसते बुटके दगड असतात, ते याच कारणाने. उंच कठडा असला तर वाहून आलेली झाडे, पाचट आणि जलपर्णी त्यात अडकते, पाणी तुंबते आणि सगळा भार बांधकामावर येतो. नदीच्या दृष्टीने कठडा नसणे योग्य आहे. वाहनचालकासाठी मात्र पाणी फरशीवर चढल्याक्षणी रस्त्याची कड दिसेनाशी होते.

जहाजांना वाट देण्यासाठी उघडणारे पूल भारतात जुने आहेत. कोलकात्याला हुगळीवर १८७४ साली उभारलेल्या तरंगत्या पुलाचा मधला भाग जहाजांसाठी बाजूला घेत असत. १९१४ च्या पांबन रेल्वेपुलाच्या दोन फळ्या वर उचलल्या जात. अशा पुलावर वाहतूक थांबवायला माणूस असतो, फाटक असते, इशारा असतो. बंधारासुद्धा कधी वाहनांसाठी खुला असतो, तर कधी पाण्यासाठी. पण तो उचलला जात नाही, जागच्या जागी बुडतो. बहुतेक ठिकाणी त्या क्षणी काठावर थांबवणारे कोणी नसते. बॅरिकेड किंवा काटेरी फांद्या आडव्या पडेपर्यंतच्या काही तासांत निर्णय चालकालाच घ्यावा लागतो.

कोणता आकडा कशासाठी पाहावा

पावसाळ्यात रोज ऐकू येणाऱ्या आकड्यांमध्ये सर्वाधिक गल्लत होते ती राजाराम बंधाऱ्यावरील फुटांची. तिथे पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. हे दोन्ही आकडे वस्तीत पाणी शिरण्याशी, स्थलांतराशी आणि मुख्य रस्त्यांशी संबंधित आहेत. बंधाऱ्याच्या फरशीशी त्यांचा काही संबंध नाही. राजाराम बंधारा इशारा पातळीच्या कितीतरी आधी बुडतो. त्यामुळे "अजून ३९ व्हायचे आहेत" हे बंधाऱ्यावरून जाण्याचे कारण होऊ शकत नाही. इशारा पातळी गाठेपर्यंत जिल्ह्यातील डझनावारी बंधारे पाण्याखाली गेलेले असतात.

दुसरा आकडा धरणातून सुटणाऱ्या पाण्याचा, म्हणजे क्युसेकचा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. भोगावतीवरील राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दारे आहेत. धरण भरले की पाण्याच्या दाबाने ती आपोआप उघडतात, मग दुपार असो की मध्यरात्र. एका दारातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर पाणी बाहेर पडते. ते खालच्या गावांना एकदम पोचत नाही, वाटेत काही तास जातात. कोल्हापुरात ऊन पडलेले असते, पाऊस उघडलेला असतो आणि तरीही नदी चढत असते, याचे कारण बहुधा हेच. सकाळी कोरड्या असलेल्या बंधाऱ्यावरून कामाला गेलेल्याला संध्याकाळी तोच बंधारा मिळेल, असे पावसाळ्यात धरून चालू नये.

तिसरी गोष्ट आकडा नसून यादी आहे, आणि चालकाच्या उपयोगाची खरी गोष्ट हीच. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची नदीनिहाय नावे जाहीर करते. पंचगंगेवरील शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशी ती नावे असतात. वृत्तपत्रे आणि आकाशवाणी ती देतात. घरातून निघण्यापूर्वी वाटेतील बंधारा या यादीत आहे का, हे पाहावे. शंका असल्यास जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर विचारावे. पलीकडच्या गावातील ओळखीच्या माणसाला केलेला फोनही तितकाच कामाचा. फक्त त्याने पाणी केव्हा पाहिले, हे आवर्जून विचारावे. तासाभरापूर्वीची बातमी जुनी झालेली असते.

फरशी कोरडी असताना

बंधारा खुला असतानाही तो एकेरी रस्ता समजावा. पुढील गोष्टी पाळल्यास बहुतेक अपघात टळतात.

- चढण्याआधी पलीकडचे टोक पाहावे. समोरून वाहन निघालेले असेल, तर अलीकडेच थांबावे. मधोमध समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांपैकी एकाला कठड्याविना मागे जावे लागते, आणि ते काम सरावलेल्या चालकालाही जड जाते.
- वेग चालण्याच्या दुपटीपेक्षा जास्त नसावा. दिवसासुद्धा दिवे लावावेत.
- उसाची ट्रॉली, ट्रक, बस यांना बहुतेक बंधाऱ्यांवर मनाई असते. फलक दिसत नसला तरी भरलेली ट्रॉली बंधाऱ्यावर घालू नये. ही फरशी तेवढ्या ओझ्यासाठी बांधलेली नाही.
- दुचाकीवर लहान मुले असतील, तर त्यांना उतरवून चालत न्यावे. वारा आडवा असेल, तर हा नियम मोठ्यांनाही लागू करावा.
- बरगे घातलेले असताना एका बाजूला काठोकाठ खोल पाणी आणि दुसऱ्या बाजूला उघडे पात्र असते. पाण्यावर जलपर्णी दाटली की ती बाजू हिरव्या रानासारखी दिसते. रात्री बाहेरगावच्या चालकाला ती जमीन वाटू शकते.

बंधाऱ्यावरून दिसणारी नदी सुंदर असते, यात शंका नाही. नवे पाणी पाहायला येणे ही कोल्हापूरकरांची जुनी आवड आहे आणि ती सोडण्याचे काही कारण नाही. पण गाडी फरशीवर उभी करून फोटो काढल्याने मागची वाहतूक अडते आणि दार उघडून उतरणाऱ्याचा पाय थेट कडेला पडतो. गाडी काठावर, वळणापासून दूर लावावी आणि पाणी काठावरूनच पाहावे.

उंच पुलावरून गाडी नदीत पडण्याचा धोका नाही, असेही समजू नये. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री शिवाजी पुलावरून मिनीबस कठडा तोडून पंचगंगेत कोसळली आणि १३ जण गेले. तेव्हा पुराचा काळ नव्हता. अरुंद जुना पूल, रात्रीची वेळ आणि प्रवासाचा थकवा एकत्र आले की कठडाही वाचवेल याची खात्री नसते. बंधाऱ्यावर तर तोही नसतो.

पाणी फरशीवर चढलेले असताना

इथे पर्याय एकच आहे: जाऊ नये. कारण समजले, तर हा नियम पाळणे सोपे जाईल.

लहान मोटारीचे वजन सुमारे ८०० ते १००० किलो असते. तिचा तळ जमिनीपासून साधारण १७ सेंटीमीटर उंच असतो. पाणी तळाच्या वर आणखी १५ सेंटीमीटर चढले, म्हणजे एकूण जेमतेम फूटभर झाले, की गाडीने बाजूला सारलेले पाणी पाऊण घनमीटरच्या आसपास भरते. एक घनमीटर पाणी म्हणजे १००० किलो. म्हणजे पाणी गाडीला खालून सुमारे ७५० किलोच्या जोराने उचलत असते. चाकांवर उरलेल्या वजनात रस्ता धरून ठेवण्याची ताकद नसते. मग गाडी गाडी राहत नाही, होडी होते, आणि या होडीला ना वल्हे ना सुकाणू. मोठी जीपसुद्धा दोन फूट वाहत्या पाण्यात तरंगू लागते.

हा हिशेब साचलेल्या पाण्याचा झाला. बंधाऱ्यावरचे पाणी आडवे वाहते. वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. गाडीची लांब बाजू त्या जोराच्या समोर येते आणि पलीकडे कठडा नसतो. दुचाकीसाठी वीतभर पाणीही पुरेसे आहे, कारण चाकांखालची फरशी शेवाळ आणि गाळाने आधीच निसरडी झालेली असते.

काठावरून खोली ओळखता येते, हा समज सर्वांत घातक. गढूळ पाण्यात खाली फरशी आहे की तिचा तुकडा वाहून गेला आहे, हे दिसत नाही. पुढे गेलेला ट्रॅक्टर निघाला म्हणून मागची मोटार निघेल, असेही नाही. ट्रॅक्टरची चाके उंच असतात, पोट उघडे असते, वजन जास्त असते. तरी ट्रॉलीसह वाहून जाणारे ट्रॅक्टरही असतात.

नदी चढत आहे हे सांगणाऱ्या काही खुणा काठावरच्या माणसांना पाठ असतात. पाण्याचा रंग तांबूस होतो, लाकूडफाटा आणि पाचट वाहत येऊ लागते, काठाजवळचे गवत वाकून एका दिशेला झोपते, ओलाव्याची रेघ दगडावर वर सरकते. यातली एक खूण दिसली, तरी फरशी कोरडी असतानाच परतावे. पंचगंगा शहराजवळ सावकाश चढते, पण घाटाजवळच्या कासारी, कुंभी, तुळशी यांना पाणी फार लवकर येते. शहरातील अनुभव तिकडे लावू नये.

गाडी पाण्यात बंद पडली तर

- पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करू नये. त्यात जाणारा अर्धा मिनिट महागात पडतो.
- सर्वप्रथम सीटबेल्ट सोडावा आणि लगेच काचा खाली घ्याव्यात. विजेवर चालणाऱ्या काचा पाणी शिरल्यावर बंद पडतात. दाराशी झटत बसू नये, बाहेरच्या पाण्याचा दाब ते उघडू देत नाही.
- काच उतरली नाही, तर बाजूची काच कोपऱ्यात मारून फोडावी. सीटच्या वरची उशी काढून तिचे लोखंडी दांडे त्यासाठी वापरता येतात. समोरची काच दुपदरी असते, ती सहज फुटत नाही.
- मुलांना आधी बाहेर काढावे, गाडीच्या टपावर जावे आणि ११२ वर फोन करावा. फोनवर बंधाऱ्याचे नाव, नदी आणि कोणत्या गावाच्या बाजूला आहोत, एवढे सांगावे.
- काठावरच्यांनी पाण्यात उडी घेऊ नये. दोर, लांब वेळू, हवा भरलेली ट्यूब, रिकामा बंद कॅन, जे मिळेल ते फेकावे.
- प्रवाहात पडलेल्याने पाठीवर तरंगावे, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवावेत आणि तिरके काठाकडे सरकावे. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पाणी गोल फिरून माणसाला परत खांबांकडे ओढते. त्या जागेपासून जितके लांब जाता येईल तितके बरे.

वळसा कोणता घ्यावा

राजाराम बंधारा बंद झाला, की वडणगे-निगव्याकडे जाण्यासाठी शिवाजी पुलाजवळचा मार्ग किंवा कसबा बावडा–शिये रस्ता हे पर्याय राहतात. पाणी आणखी वाढले, की तेही एकामागून एक बंद होतात. "रेडेडोह फुटला" ही बातमी आली, की पन्हाळा-रत्नागिरी रस्त्यावर आंबेवाडी-केर्लीच्या बाजूला पाणी येणार, हे स्थानिकांना वेगळे सांगावे लागत नाही. बाहेरगावच्या प्रवाशाने मात्र हे नाव लक्षात ठेवावे. मोबाईलवरील नकाशा हा रस्ता मोकळाच दाखवत असू शकतो.

गगनबावडा मार्गावर किरवे, लोंघे, मांडुकली परिसरात रस्त्यावर पाणी येते. कोकणात जाणाऱ्याने तिथे पाणी ओसरण्याची वाट पाहण्यापेक्षा राधानगरीवरून फोंडा घाट किंवा आजऱ्यावरून आंबोली यांची चौकशी करावी. पावसाळ्यात घाटांत दरडीही पडतात, म्हणून घाट खुला आहे का, हे निघण्यापूर्वीच विचारावे. महापुरात महामार्गही सुटत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या पुढे गेले आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांच्या आसपास पोचले. दोन्ही वेळा पुणे–बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला आणि मालमोटारींच्या रांगा दिवसेंदिवस उभ्या राहिल्या. धोका पातळी ओलांडली गेल्यावर ज्यांना निकडीचे काम नाही, त्यांनी निघूच नये. रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि डायलिसिस घेणारे यांना मात्र पाणी चढण्याआधीच शहरात किंवा दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे हलवावे. रस्ता बंद झाल्यावर १०८ ची गाडीही त्याच पाण्याच्या काठावर थांबते.

पाणी ओसरल्यावर

फरशी उघडी पडली म्हणजे रस्ता सुरू झाला, असे नव्हे. पुराच्या पाण्याने खांबांच्या पायाजवळची माती खरवडली जाते, जोडरस्त्याचा भराव आतून पोकळ होतो, फरशीचे तुकडे निखळतात. वरून सगळे धडधाकट दिसते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना दगडी पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह गेल्या. त्या रात्री चालकांना पूल नसल्याचे कळायला काही मार्गच नव्हता. म्हणून पाहणी करून अधिकृतपणे वाहतूक सुरू होईपर्यंत थांबावे. पहिल्या दिवशी दुचाकी ढकलत न्यावी. गाळ, अडकलेली झाडे, तारा आणि साप या चारही गोष्टी ओसरत्या पाण्यामागे राहतात. फरशीला भगदाड किंवा तडा दिसल्यास ग्रामपंचायतीला आणि पाटबंधारे विभागाला लेखी कळवावे, तारखेसह फोटो जोडावा आणि अर्जाची पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले पुढच्या पावसापर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही.

गाडी भिजली असेल तर: विमा

पाण्यात उभी राहिलेली गाडी कोरडी दिसली तरी चालू करू नये. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला, तर पाणी दाबले जात नाही, आतला दांडा वाकतो आणि काही हजारांचे काम लाखावर जाते. बॅटरीची तार सोडावी, गाडी ओढून किंवा उचलून गॅरेजमध्ये न्यावी. विजेवर चालणारी वाहने तर कंपनीच्या तंत्रज्ञाशिवाय कोणीही हाताळू नयेत.

भरपाईचे गणित पॉलिसीवर अवलंबून असते.

- फक्त थर्ड पार्टी विमा असल्यास स्वतःच्या गाडीच्या पुरातील नुकसानीचे काहीही मिळत नाही. जुन्या दुचाक्यांवर बहुधा हाच विमा असतो, आणि मालकाला ते पुरानंतर कळते.
- सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचे नुकसान धरलेले असते. मात्र पाणी शिरलेले इंजिन चालू केल्याने झालेली मोडतोड बहुतेक कंपन्या त्यातून वगळतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचे जादा कवच घ्यावे लागते. नदीकाठच्या गावांत ते मे महिन्यातच घ्यावे.
- कंपनीला लगेच कळवावे, दावा क्रमांक घ्यावा, सर्व्हेअर येण्याआधी गाडी उघडू नये. पाण्याची रेघ दिसेल असे फोटो चारही बाजूंनी काढावेत.
- दावा फेटाळला, तर कारण लेखी मागावे. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जावे. तिथे दाद मिळाली नाही, तर एका वर्षाच्या आत पुण्यातील विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. वकील लागत नाही. कोल्हापुरातील जिल्हा ग्राहक आयोगाची वाटही खुली आहे, तिथली मुदत दोन वर्षांची.

बंदी आणि कायदा

प्रशासनाने बंद केलेल्या बंधाऱ्यावर बॅरिकेड बाजूला करून गाडी घालणे हा गुन्हा ठरू शकतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५१ नुसार आदेश न पाळल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्यातून कोणाचा जीव गेला किंवा धोक्यात आला, तर कैद दोन वर्षांपर्यंत जाते. शिवाय बंदी मोडून गेल्याचे पंचनाम्यात आले, तर विमा कंपनीच्या हाती हरकतीचे कारण लागते. कामावर उशीर झाल्यास मालकाला बंद बंधाऱ्यांच्या यादीची बातमी दाखवावी. शाळांच्या बाबतीत पालकांनी आणि शिक्षकांनी पावसाळ्यापूर्वीच ठरवून ठेवावे, की बंधारा बुडाल्याच्या दिवशी पलीकडच्या मुलांची गैरहजेरी धरायची नाही. मूल शाळेत असतानाच पाणी चढले, तर ते कोणाच्या घरी थांबेल, त्या घराचे नावही शाळेकडे जूनमध्येच लिहून द्यावे.

पुरात मृत्यू ओढवल्यास पात्र वारसांना राज्य आपत्ती निधीच्या निकषांप्रमाणे चार लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान मिळते. त्यासाठी तलाठ्याकडे तातडीने नोंद, तहसीलदारांकडे अर्ज, पोलीस पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि वारसाची कागदपत्रे लागतात. वाहून गेलेल्या वाहनासाठी मात्र मुख्य आधार विम्याचाच. नोंदणीपत्र, पॉलिसी आणि परवाना यांच्या प्रती गाडीत नव्हे, तर घरी उंच जागी आणि मोबाईलमध्ये ठेवाव्यात.